खोडरबरची साक्ष

पेन्सिलीने काळे केलेले वर्तुळ खोडरबरने कितीही जपून पुसले, तरी कागदावर एक करडी सावली मागे राहते. माणसाच्या डोळ्याला ती दिसेलच असे नाही. उत्तरपत्रिका वाचणाऱ्या यंत्राला मात्र ती दिसते. गडद वर्तुळ म्हणजे मुलाचे अखेरचे उत्तर आणि फिकट वर्तुळ म्हणजे त्याने आधी दिलेले व नंतर पुसलेले उत्तर, असे यंत्र समजते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. तिथल्या सार्वजनिक शाळांतील एक फार मोठा परीक्षा घोटाळा या फिकट वर्तुळांमुळे उघडकीस आला. हा मजकूर लिहायला कारण असे की, आपल्याकडे दरवर्षी निकालाची टक्केवारी छापून येते, ‘शंभर टक्के निकाल’ असे फलक शाळांच्या कुंपणावर झळकतात आणि हे गुण मुलांचेच आहेत ना, हा प्रश्न आपण बहुधा विचारत नाही. अटलांटातही बरीच वर्षे तो कुणी विचारला नव्हता.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत सरकारी शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. आपल्याकडे त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महागड्या शाळांशी तिचा संबंध नाही. आपल्या महापालिकेच्या शाळेसारखी ती करदात्यांच्या पैशावर चालते. अटलांटातील या शाळांत शिकणारी मुले मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतील. जानेवारी २००२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर सही केली. एकही मूल मागे राहू नये, हा त्यामागचा हेतू. तो वाईट आहे असे कोण म्हणेल? पण कायद्याने मोजपट्टी दिली ती एकच. दरवर्षी परीक्षा घ्यायची, प्रत्येक शाळेने ठरलेले लक्ष्य गाठायचे आणि २०१४ पर्यंत देशातील शंभर टक्के मुले वाचन व गणितात पात्र ठरायची. लक्ष्य चुकलेल्या शाळेचे नाव जाहीर होणार, मुले दुसरीकडे जाऊ शकणार आणि चूक होतच राहिली तर शाळेची फेररचना किंवा टाळे. शंभर टक्के हा आकडा ज्यांनी कायद्यात लिहिला, त्यांनी आयुष्यात कधी चाळीस मुलांच्या वर्गावर उभे राहून पाहिले होते की नाही, कोण जाणे.

बेव्हर्ली हॉल या १९९९ मध्ये अटलांटाच्या शाळांच्या प्रमुख झाल्या. जन्म जमैकातला. न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका म्हणून सुरुवात करून त्या वर चढत गेल्या होत्या. अटलांटात येताच त्यांनी राज्याच्या लक्ष्यांहूनही कडक अशी स्वतःची लक्ष्ये ठरवली. तीन वर्षांत लक्ष्य गाठा, नाहीतर जागा खाली करा, असा मुख्याध्यापकांना निरोप होता आणि तो पोकळ नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत बहुतेक मुख्याध्यापक बदलले गेले. गुण वाढले की शाळेतील सर्वांना बक्षिसी मिळे. खुद्द हॉल यांना पगाराखेरीज कारकीर्दभरात पाच लाख डॉलरहून अधिक बक्षीस रक्कम मिळाली. दरवर्षी शिक्षकांचा मेळावा एका प्रचंड बंदिस्त क्रीडागारात भरत असे. लक्ष्य गाठलेल्या शाळांचे शिक्षक खाली मैदानावर, मानाच्या जागी बसत. न गाठलेल्यांना वरच्या कडेच्या बाकांवर जागा. हजारो सहकाऱ्यांच्या देखत आपण कुठे बसतो, हे वर्षभर लक्षात राहण्यासारखेच होते.

गुण वाढत गेले. अटलांटाचे नाव देशभर घेतले जाऊ लागले. २००९ मध्ये अमेरिकेतील शाळाप्रमुखांच्या संघटनेने हॉल यांना वर्षातील सर्वोत्तम शाळाप्रमुख ठरवले.

त्याच्या थोडे आधी, डिसेंबर २००८ मध्ये, ‘अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’ या तिथल्या दैनिकाने एक बातमी छापली होती. नापास मुलांची उन्हाळ्यात फेरपरीक्षा होते, तिच्या निकालाची आकडेवारी बातमीदारांनी तपासली होती. काही शाळांत वसंत ऋतूत धडपणे पास न झालेली मुले काही आठवड्यांनी एकदम वरच्या श्रेणीत गेलेली दिसत होती. इतके शिकवणे इतक्या थोड्या दिवसांत शक्य आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न. राज्याच्या परीक्षण कार्यालयाने त्या शाळांच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या, तेव्हा खाडाखोड फार निघाली. शेजारच्या डीकाल्ब परगण्यातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांना व उपमुख्याध्यापकांना जून २००९ मध्ये अटक झाली. अटलांटाच्या शिक्षण खात्याने मात्र आपल्या शाळेबद्दलचा निष्कर्ष सरळ फेटाळला. आमची मुले हुशार आहेत, आमचे शिक्षक मेहनती आहेत आणि गरीब काळी मुले पुढे जातात हे काहींना बघवत नाही, असा एकूण सूर होता. या सुरातले शेवटचे वाक्य अगदीच खोटे होते असेही नाही, आणि म्हणूनच ते ढाल म्हणून चांगले चालले.

यानंतर जे झाले ते आपल्याकडच्या परीक्षा मंडळांनी मुद्दाम वाचावे असे आहे. राज्याने २००९ च्या परीक्षेच्या, राज्यभरातील प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांच्या सगळ्या उत्तरपत्रिका यंत्रातून पुन्हा काढल्या. एकच गोष्ट मोजायची होती. चुकीचे उत्तर पुसून बरोबर उत्तर किती वेळा काळे केले आहे? मुले उत्तरे बदलतात, त्यात गैर काही नाही. बरोबरचे पुसून चूकही करतात. ते आपण सगळ्यांनी केले आहे आणि घरी येऊन कपाळावर हात मारला आहे. पण चुकीचे पुसून बरोबर करण्याचे प्रमाण सर्वसाधारण वर्गात मुलामागे जेमतेम एखाद-दोन असते. एखाद्या वर्गात ते थोडे जास्त असू शकेल. कुणी शिक्षिका मुलांना ‘पेपर पुन्हा तपासा’ असे बजावून सांगणारी असेल. म्हणून राज्याने संशयाची रेघ फार वर ओढली. राज्याच्या सरासरीपासून तीन ‘प्रमाण विचलने’ दूर असलेला वर्गच संशयित धरायचा. सोप्या भाषेत, केवळ योगायोगाने हजार वर्गांत एखादाच वर्ग त्या रेषेपलीकडे जाईल, इतकी ती रेघ सैल होती. निष्पापांना वाचवणारी. पाच विचलने म्हणजे दहा लाखांत एकदाही घडू नये अशी गोष्ट. अटलांटातील काही वर्गांत हा आकडा वीस, तीस आणि त्याहूनही वर गेला. असा आकडा कशाशी ताडून पाहावा, हे सांगायला उदाहरण सापडत नाही. एखाद्या वर्गातील सगळ्या मुलांना एकाच वेळी, एकाच पेपरात, अचानक आपल्या बहुतेक चुका उमगल्या आणि त्यांनी त्या अचूक दुरुस्त केल्या, असे मानावे लागेल. ‘पार्क्स मिडल स्कूल’ या एका शाळेत तर जवळजवळ सगळेच वर्ग संशयित निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, राज्याने परीक्षेला बाहेरचे निरीक्षक बसवले. खाडाखोड एकदम थांबली आणि गुणही कोसळले.

आकडेवारीने वर्ग दाखवला, पण हात दाखवला नाही. फिकट वर्तुळ कोणत्या बोटांनी पुसले, हे यंत्राला सांगता येत नाही. इथे तपासाचा कस लागतो आणि इथेच बहुतेक चौकशा मरतात. अटलांटातही पहिली चौकशी अशीच मरायला निघाली होती. शहरातील व्यापारी, उद्योगपती आणि मान्यवर यांची एक समिती नेमली गेली. शहराचे नाव चांगले राहण्यात ज्यांचा फायदा, त्यांनीच शहराच्या शाळा तपासायच्या! समितीने संशयाची व्याप्ती मोजक्या शाळांपुरती असल्याचे सांगितले. राज्यपाल सोनी पर्ड्यू यांना ते पटले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी स्वतंत्र तपासी नेमले. राज्याचे माजी महाधिवक्ता माइक बॉवर्स, माजी सरकारी वकील रॉबर्ट विल्सन आणि त्यांच्या जोडीला पूर्वी पोलिसात असलेले रिचर्ड हाइड. राज्याच्या तपास यंत्रणेचे पन्नासहून अधिक अधिकारी त्यांच्या दिमतीला होते. आधीच्या समितीपेक्षा यांच्याकडे वेगळे काय होते? साक्षीला बोलावण्याचा अधिकार होता, खोटे बोलल्यास खटला भरण्याची ताकद होती आणि खरे बोलणाऱ्या शिक्षकाला फौजदारीपासून सूट देण्याची मुभा होती. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची ठरली.

शिक्षक बोलू लागले. सुरुवातीला एका शिक्षिकेने कबुली दिली आणि अंगावर ध्वनिमुद्रक लपवून सहकाऱ्यांशी बोलायलाही ती तयार झाली. तिच्या शाळेत निवडक शिक्षिका एका बिनखिडक्यांच्या खोलीत बसून उत्तरे दुरुस्त करीत असत. बोटांचे ठसे नकोत म्हणून हातमोजे घालून, असेही तपासात आले. दुसऱ्या एका शाळेत शनिवार-रविवारी शिक्षकांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एका सहकाऱ्याच्या घरी नेले आणि सगळ्यांनी मिळून खोडले. पार्क्समध्ये तर प्रश्नपत्रिकांचे प्लास्टिकचे वेष्टन पात्याने अलगद कापून, आतले पाहून, लायटरच्या आचेने पुन्हा चिकटवले गेले. काही ठिकाणी खोडरबराचीही गरज नव्हती. शिक्षिका बाकांमधून फिरता फिरता बरोबर उत्तरावर बोट ठेवी, किंवा प्रश्न वाचून दाखवताना योग्य पर्यायाशी आवाज जरा चढवी. ज्यांनी कधी पर्यवेक्षण केले आहे, त्यांना हा आवाज ओळखता येईल.

दोन हजारांहून अधिक मुलाखती आणि आठ लाखांवर कागद तपासून जुलै २०११ मध्ये अहवाल बाहेर आला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार. १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांची नावे, त्यांत ३८ मुख्याध्यापक. ८२ जणांची कबुली. हॉल यांनी आपण काही केले नाही, कुणाला करायला सांगितले नाही, असे शेवटपर्यंत सांगितले. अहवालाचे म्हणणे असे की त्यांना माहीत होते, किंवा माहीत असायला हवे होते. धोक्याच्या सूचना वर पोचत होत्या आणि तक्रार करणाऱ्यालाच त्रास होत होता.

एवढे सगळे शिक्षक वाईट होते का? अहवाल वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा मनात येतो. एका शाळेत, ज्या शिक्षिकेच्या वर्गाचे गुण कमी आले तिला मुख्याध्यापकांनी सभेत सर्वांसमोर टेबलाखालून रांगायला लावले. हे वाचून आपल्याला धक्का बसतो, पण त्या सभागृहात बसलेल्या बाकीच्यांनी त्या दिवशी मनाशी काय ठरवले असेल, याची कल्पना करा. ज्यांना लक्ष्य गाठणे अशक्य आहे हे माहीत होते, त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. नोकरी सोडणे, अपमान गिळणे किंवा खोडरबर उचलणे. पहिल्या वर्षी काही गुण वाढवले की पुढच्या वर्षीचे लक्ष्य त्या खोट्या आकड्यावर उभे राहणार, म्हणजे आणखी खोडायचे. वरच्या वर्गातील शिक्षकाकडे कागदावर हुशार आणि प्रत्यक्षात कच्ची मुले यायची, आणि मग त्यालाही तोच उद्योग. एकदा सुरू झालेले थांबवायचे तर आदल्या वर्षाचे खोटे उघडे पडणार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवले होते की, समाजातील निर्णय एखाद्या आकड्यावर जितके अधिक अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा भ्रष्ट होण्याचा दाब वाढेल आणि ज्यासाठी तो मोजायचा त्या गोष्टीचीही वाट लागेल. शिकागोच्या शाळांच्या आकडेवारीवरून ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवले की, दरवर्षी किमान चार-पाच टक्के प्राथमिक वर्गांत शिक्षकांकडून असे काही होत असावे. म्हणजे अटलांटाचे नवल प्रकारात नव्हते, प्रमाणात होते.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्याच काळात केंद्र सरकारची एक वेगळी, नमुन्यादाखल घेतली जाणारी परीक्षा असे, जिच्यावर कुणाची नोकरी अवलंबून नव्हती. तिच्यातही अटलांटाच्या मुलांनी प्रगती दाखवली होती. म्हणजे काही शाळांत, काही वर्गांत खरेच चांगले शिकवले जात होते. त्या शिक्षकांचे काय? त्यांच्या प्रामाणिक आठ गुणांच्या वाढीपुढे शेजारच्या शाळेची खोडलेली तीस गुणांची वाढ असे, आणि मेळाव्यात त्यांना वरच्या बाकांवर बसावे लागे. घोटाळा उघड झाल्यावर मात्र ते आणि खोडणारे एकाच मापाने मोजले गेले.

मार्च २०१३ मध्ये हॉल यांच्यासह ३५ जणांवर आरोपपत्र ठेवले गेले. कायदा वापरला तो संघटित गुन्हेगारीविरुद्धचा, आपल्याकडच्या ‘मोक्का’च्या जातीचा. माफियांच्या टोळ्यांसाठी केलेला. २१ जणांनी तडजोड करून गुन्हा कबूल केला. हॉल आजारी होत्या, त्यांच्यावर खटला उभाच राहिला नाही. मार्च २०१५ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बारा जणांवर खटला चालला आणि १ एप्रिल २०१५ रोजी त्यांपैकी अकरा दोषी ठरले, एक सुटला. न्यायमूर्ती जेरी बॅक्स्टर यांनी तिघा वरिष्ठ अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष सात वर्षे तुरुंगात काढण्याची शिक्षा सुनावली. पंधरा दिवसांनी त्यांनाच ती जड वाटली असावी. त्यांनी ती तीन वर्षांवर आणली. अपिले पुढे अनेक वर्षे रेंगाळली. या खटल्यात सरकारच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांपैकी फानी विलिस यांनी पुढे २०२३ मध्ये हाच कायदा डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध वापरला, तेव्हा त्यांचे नाव आपल्याकडच्या वाचकांनीही ऐकले असेल.

प्रस्तुत लेखकाला ही शिक्षा पटत नाही, हे सांगून टाकतो. शिक्षकाने मुलाची उत्तरपत्रिका खोडली तर त्याचा परवाना जावा, बक्षिसी परत घ्यावी, त्याला पुन्हा वर्गात उभे करू नये. पण टोळीच्या गुन्हेगारासारखा तुरुंग? आणि ज्यांनी शंभर टक्के हा आकडा कायद्यात घातला, ज्यांनी तो आकडा दाखवून शहरात गुंतवणूक आणली, त्यांचे काय? आरोपींच्या पिंजऱ्यात उभे असलेले शिक्षक कृष्णवर्णीय होते, ज्यांचे नुकसान झाले ती मुलेही कृष्णवर्णीय. दोन्हीकडून तेच भरडले गेले, ही तिथल्या अनेक लोकांची भावना चुकीची म्हणता येणार नाही.

खोडरबर ही निदान पकडता येणारी गोष्ट. पुढची पायरी त्याहून अवघड आहे. वॉशिंग्टन शहरातील बॅलू हायस्कूल या सरकारी शाळेचे २०१७ मध्ये मोठे कौतुक झाले, कारण शेवटच्या वर्षाच्या सगळ्याच उत्तीर्ण मुलांना महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एका सार्वजनिक नभोवाणी केंद्राच्या बातमीदाराने हजेरीपट तपासले. उत्तीर्ण मुलांपैकी निम्मी मुले वर्षात तीन महिन्यांहून अधिक काळ शाळेतच आली नव्हती. शिक्षकांचे म्हणणे असे की, मुलांना पास करण्यासाठी आमच्यावर दबाव होता. जानेवारी २०१८ मध्ये लेखापरीक्षण झाले, तेव्हा शहरभरातील त्या वर्षीच्या पदवीधर शालेय मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना नियम मोडून प्रमाणपत्र दिल्याचे निघाले. इथे कुणी काही पुसले नव्हते. शिक्षकांनी शाईच्या पेनाने, स्वतःच्या सहीनिशी गुण दिले होते. यंत्राने यात काय पकडायचे?

आता आपल्या अंगणात येऊ. गुणांतील फेरफार हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई विद्यापीठाच्या १९८५ च्या एम.डी. परीक्षेत कन्येचे गुण बदलल्याच्या आरोपावरून आणि उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना राजीनामा द्यावा लागला होता. गुणपत्रिकेपायी मुख्यमंत्रिपद गेल्याचे हे उदाहरण जुन्या वाचकांना आठवत असेल. १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठातील गुणवाढीचे प्रकरण गाजले. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी आरोग्य विभाग आणि म्हाडाच्या भरतीतील पेपरफुटीचा माग काढता काढता शिक्षक पात्रता परीक्षेपर्यंत मजल मारली आणि राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. त्या परीक्षेत अपात्र असून पात्र ठरवल्या गेलेल्यांची यादी साडेसात हजारांच्या वर गेली. म्हणजे मुलांचे गुण प्रामाणिकपणे तपासायची जबाबदारी ज्यांच्यावर येणार, त्यांचे स्वतःचेच गुण वाढवलेले. अटलांटात शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका बदलल्या, इथे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या.

पण हे पोलिसात जाणारे प्रकार झाले. बॅलूच्या जातीचे काय? प्रस्तुत लेखकाने काही वर्षे दहावीला भाषा शिकवली आणि पेपरही तपासले. लेखी ऐंशी आणि तोंडी वीस अशी तेव्हा विभागणी होती. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी शिक्षकांना बोलावून घेतले. चहा आला. मग ते सहज म्हणाले, ‘अठराच्या खाली कुणाला देऊ नका, बाकीच्या शाळा वीस देतात.’ दुसऱ्या दिवशी ज्या मुलाला धड्यातील परिच्छेद सरळ वाचता आला नाही त्यालाही मी अठरा दिले, आणि ज्या मुलीने स्वतःच्या मनाने, न अडखळता, आपल्या गावच्या जत्रेचे सुरेख वर्णन केले तिला वीस. दोन गुणांचा फरक. तिला तो फरक कळला नसणार, आणि त्या मुलाला तर नक्कीच नाही.

ही केवळ एका शाळेची गोष्ट नव्हती, याचा पुरावा मंडळाच्या आकड्यांतच आहे. मार्च २०१८ च्या दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत गुण काढून टाकले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात बारा टक्के मुलांची बुद्धी कमी झाली, असे तर कुणी म्हणणार नाही. नवा अभ्यासक्रम आणि नवी प्रश्नपत्रिका यांचाही वाटा त्यात होता, हे मान्य. तरी ओरड झाली ती अंतर्गत गुणांबद्दल. इतर मंडळांची मुले अकरावीच्या प्रवेशात पुढे जातात, हे पालकांचे म्हणणे खरेच होते. अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी अंतर्गत मूल्यमापन केले, आणि निकाल ९९.९५ टक्के. त्या वर्षी दुसरा मार्ग नव्हता. पण हे चार आकडे एकाखाली एक लिहून घरात कुणालाही दाखवावेत.

बरे, ही वाढ रोखायची तर तपासणी कडक करा, एवढे म्हणून भागत नाही. शंभर टक्के निकालासाठी शाळा आणखी एक मार्ग वापरतात, तो सर्वांना ठाऊक आहे. नववीतच चाळणी लावायची. कच्च्या मुलाला नववीत बसवायचे, किंवा पालकांना बोलावून दाखला काढून घ्यायला, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायला सुचवायचे. एकही गुण न बदलता निकाल बदलतो. याला कोणत्या कलमाखाली पकडणार? आपल्याकडे एक गोष्ट मात्र खरोखर चांगली झाली. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली पाहता येईल, असा निर्णय दिला. उत्तरपत्रिकेची छायाप्रत घरी आली की निदान लेखी ऐंशीचा हिशेब बापाला आणि लेकीला जेवणाच्या ताटावर बसून करता येतो. तोंडी वीसची छायाप्रत नसते.

पुन्हा अटलांटाकडे वळतो, कारण तिथे एक गोष्ट झाली जी आपल्याकडच्या कुठल्याही प्रकरणानंतर झाल्याचे दिसत नाही. त्यांनी मुले शोधली. ज्यांच्या उत्तरपत्रिकांवर खाडाखोड फार होती, ती मुले आता कुठल्या वर्गात आहेत आणि कशी आहेत, याचा अभ्यास २०१५ मध्ये जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या टिम सास यांनी केला. वाचन आणि भाषेत ही मुले मागे पडली होती. गणितात तसा ठळक परिणाम दिसला नाही. मग शहराने त्या मुलांसाठी जादा शिकवणीची आणि मार्गदर्शनाची योजना आखली. तिचे नाव ‘टार्गेट २०२१’.  पण २००९ मध्ये आठवीत असलेली मुले २०१५ पर्यंत शाळेतून केव्हाच गेली होती. काही उत्तीर्ण होऊन, काही तशीच.

नुकसान कसे होते, ते समजायला साधे आहे. कमी गुण म्हणजे मदतीची हाक असते. गुण वाढवले की हाक बंद. पार्क्स शाळेचे गुण ‘सुधारले’, तेव्हा मागे पडलेल्या शाळांना मिळणारे साडेसात लाख डॉलरच्या आसपासचे साहाय्य बंद झाले. एका मुलीचेही तसेच झाले. ती तिसरीत होती. वर्गातील वाचनाच्या चाचणीत तिला सर्वांत कमी गुण होते, आणि राज्याच्या परीक्षेत ती उत्तम रीतीने पास झाली. तिच्या आईला ते पटेना. मुलीला वाचता येत नाही, हे तिला रोज घरी दिसत होते. ती विचारायला गेली, तर तिला सांगण्यात आले की काही मुले परीक्षेत चांगली कामगिरी करतात, तुमची मुलगी तशी आहे. कागदावर पास असल्यामुळे जादा शिकवणी मिळाली नाही. नववीत गेली तेव्हा ती मुलगी पाचवीच्या पातळीचे वाचत होती.

आई विचारायला गेली, ते साल २००६ होते. वर्तमानपत्रात पहिली बातमी यायला अजून दोन वर्षे होती.